शेलमधले तेल: भेगा आणि थर

शेलच्या खडकात एवढे तेल भरलेले असेल, तर विहीर खणून ते सरळ उपसता का येत नाही, हा प्रश्न तेलाच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही पडतो. हैदराबादेत याच प्रश्नाचे घरगुती रूप ऐकू येते: एका प्लॉटवर दीडशे फुटांवर बोअरला पाणी लागले, मग शेजारच्या प्लॉटवर हजार फूट जाऊनही नुसती धूळ का उडाली? एका प्रश्नात तेल आहे आणि दुसऱ्यात पाणी, एकात शेल आहे आणि दुसऱ्यात ग्रॅनाइट. तरीही दोन्हींचे उत्तर एकाच वाटेने मिळते. खडकात द्रव किती आहे याला महत्त्व आहेच, पण त्याहून अधिक महत्त्व तो द्रव जवळच्या भेगेपासून किती लांब आहे आणि ती भेग खडकात कुठवर जाऊ शकते याला आहे. पहिली गोष्ट भेगांच्या दाटीवर ठरते, तर दुसरी बहुतेक वेळा थरांवर.

१. हैदराबादचे दोन दगड

जुन्या हैदराबादी घरांत दोन प्रकारचे दगड नेहमी एकत्र आढळतात. जोत्याला आणि भिंतींना ग्रॅनाइट असतो आणि पायाखाली शहाबादी किंवा तांडूरची फरशी असते. ग्रॅनाइट शहराच्या अंगणातलाच आहे. मौला अलीची टेकडी, गोवळकोंड्याचा किल्ला आणि बंजारा हिल्सवर एकमेकांवर तोललेले गोल धोंडे ही सगळी त्याचीच रूपे असून त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे. फरशी मात्र बाहेरून येते. शहाबाद आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आणि तांडूर तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात असले, तरी एकेकाळी ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यातच होती.

हे दोन दगड फोडताना अगदी वेगळे वागतात. ग्रॅनाइट वितळलेल्या शिलारसापासून घट्ट झालेला असल्यामुळे त्यात थर नसतात. पाथरवटाला एका रेषेत भोके पाडून, त्यांत पाचरी ठोकून त्याला मुद्दाम भेग द्यावी लागते. फरशीचा दगड समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीच्या गाळाचा आहे, म्हणून तो वहीच्या पानांसारखा थराथराने सुटतो, आणि खाणीतला कामगार थराच्या सांध्यात छिन्नी घालून सपाट लादी सहज उचलतो. तीच लादी आडवी तोडायची असेल तर मात्र करवत लावावी लागते. दगड एका दिशेने सहज सुटतो आणि दुसऱ्या दिशेने अडून बसतो, ही साधी गोष्ट शेलच्या संदर्भात पुढे फार कामाला येईल, कारण ग्रॅनाइटच्या भेगा आणि फरशीचे थर हे दोन्ही गुण शेलमध्ये एकत्र आलेले असतात.

२. महेश्वरमची शिकवण

भेगांमधून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास हैदराबादेत फार बारकाईने झाला आहे. उप्पल भागातील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या (स्थापना १९६१) शास्त्रज्ञांनी फ्रेंच भूवैज्ञानिकांच्या सहकार्याने शहराच्या दक्षिणेला सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले महेश्वरमचे पाणलोट क्षेत्र निवडले. जेमतेम ५३ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात बोअरमध्ये पाणी सोडून, उपसून आणि वेगवेगळ्या खोलीवर त्याचा प्रवाह मोजून कातळाच्या पोटाचा नकाशा तयार झाला, आणि त्याचे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रॅनाइट मुळात थरांचा खडक नसला, तरी हवापाण्याने झिजताना त्याच्यावर एक प्रकारचे थर चढतात, असे या अभ्यासात स्पष्ट दिसले. वर मुरूम असतो, जो स्पंजासारखा पाणी साठवतो पण ते सावकाश सोडतो. त्याखाली भेगाळलेल्या कातळाचा पट्टा असतो, आणि त्याच्याही खाली अखंड, कोरा कातळ. या भेगाळ पट्ट्यातल्या बहुतेक भेगा जमिनीला समांतर, म्हणजे आडव्या असतात. ग्रॅनाइटमधला काळा अभ्रक पाणी शोषून फुगतो आणि त्या फुगवट्याने खडक पापुद्र्यांसारखा आडवा तडकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. भेगा आडव्या असल्यामुळे पाणी उभ्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने सुमारे दहापट सहज वाहते. सर्वांत जास्त वाहते असलेले पट्टे तर साधारण ३५ मीटर खोलीपर्यंतच आढळले.

हजार फुटांच्या कोरड्या बोअरचे कोडे इथेच बरेचसे सुटते. खोल गेल्याने पाणी वाढत नाही. उलट भेगाळ पट्टा ओलांडला की पुढचे सगळे खोदकाम कोऱ्या कातळात होते, जिथे एखादी एकाकी भेग गवसली तर नशीब. शेजारच्या बोअरला अशी भेग मिळालेली असते आणि दुसऱ्याच्या बोअरला ती दोन हात अंतराने चुकते. पाणी आटले की बोअर आणखी खोल करण्याची तेलंगणातली आणि मराठवाड्यातली सवय या ज्ञानाच्या नेमकी उलट दिशेने जाते, हे इथे नोंदवणे भाग आहे.

३. शेल म्हणजे काय आणि ते तेल का सोडत नाही

शेल हा चिखलाचा दगड आहे. शांत पाण्याच्या तळाशी अतिशय बारीक माती आणि मेलेल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष साचले, त्यावर आणखी गाळ चढला, आणि दाबाने व उष्णतेने चिखलाचा दगड तर अवशेषांचे तेल झाले. जगातल्या बहुतेक साध्या तेलविहिरींतले तेलसुद्धा मूळ अशाच खडकात जन्मले आणि नंतर निसटून वाळूच्या किंवा चुनखडीच्या अधिक मोकळ्या खडकात जाऊन थांबले. मुंबई हायचे तेल चुनखडीत सापडत असले, तरी त्याचे माहेर खालच्या शेलमध्ये आहे. शेलतेल म्हणजे माहेर न सोडलेले तेल.

ते निसटले नाही, याचे कारण समजण्यासाठी दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. खडकात पोकळ जागा किती आहे, हे सच्छिद्रता सांगते. त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत आणि द्रवाला वाट किती रुंद आहे, हे पारगम्यता सांगते. शंभर खोल्यांच्या वाड्यात जागा भरपूर असते, पण प्रत्येक दारातून जेमतेम एक बोट जात असेल, तर वाडा रिकामा व्हायला युगे लागतील. पारगम्यतेचे माप फ्रान्समधील अभियंता आन्री दार्सी याच्या नावावरून ‘डार्सी’ या एककात मोजतात. त्याने वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम १८५६ मध्ये प्रसिद्ध केला होता. चांगल्या वाळूच्या खडकाची पारगम्यता या एककाच्या दहाव्या, शंभराव्या हिश्शात मोजता येते. शेलसाठी मात्र डार्सीच्या अब्जाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे नॅनोडार्सीपर्यंत उतरावे लागते. शेलमधल्या अनेक छिद्रांचा व्यास काही नॅनोमीटर ते काही शे नॅनोमीटर असतो, तर माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

४. भेगेचे गणित

इथे दोन छोटी उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले उदाहरण भेगेच्या रुंदीचे. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या फटीतून वाहणारा द्रव फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट रुंद झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, आठपट होतो. आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची फट पूर्ण एक मिलिमीटर झाली तर तो हजारपट होतो. खडकात शंभर बारीक भेगा असण्यापेक्षा एक रुंद भेग असणे म्हणूनच अनेकदा अधिक फायद्याचे ठरते, आणि महेश्वरमच्या एखाद्या बोअरचे सगळे पाणी एकाच फटीतून येताना दिसते ते त्यामुळेच.

दुसरे उदाहरण अंतराचे, आणि शेलच्या बाबतीत हेच अधिक निर्णायक आहे. घट्ट खडकातून द्रव झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, भेगेपासून एक मीटर अंतरावरच्या तेलाला तिथे पोचायला एक वर्ष लागते. मग दहा मीटरवरच्या तेलाला शंभर वर्षे लागतील, आणि दहा सेंटिमीटरवरचे तेल जेमतेम चार दिवसांत पोचेल. उभी विहीर खणून शेलमधले तेल का येत नाही, याचे उत्तर या एका हिशेबात आहे: विहिरीला चिकटून असलेले थोडेसे तेल येते आणि उरलेले शतकांच्या अंतरावर राहते.

यावरचा उपाय म्हणजे खडकापर्यंत वाटा नेऊन पोचवणे. विहीर आधी खाली आणि मग वळवून थरातून आडवी नेतात. हे आडवे अंग बऱ्याचदा तीन किलोमीटरपर्यंत असते. नंतर प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत घालून खडकाला ठरावीक अंतरावर भेगा पाडतात, आणि पाण्याचा दाब उतरला तरी भेग मिटू नये म्हणून वाळूचे दाणे दाराला लावलेल्या पाचरीसारखे आत अडकून राहतात. या पद्धतीला जलभंजन म्हणतात. आडवे अंग ३,००० मीटर आणि दर १० मीटरला एक भेग धरली तर ३०० भेगा होतात. प्रत्येक भेग २०० मीटर लांब आणि ३० मीटर उंच मानली, तर तिच्या दोन्ही अंगांचे मिळून १२,००० चौरस मीटर आणि सगळ्यांचे मिळून ३६ लाख चौरस मीटर क्षेत्र तेलाला उघडे होते, म्हणजे हुसेनसागराच्या निम्म्याहून मोठे. भेगा नसत्या तर वीतभर रुंदीच्या त्याच विहिरीची भिंत दोन हजार चौरस मीटरसुद्धा भरली नसती.

हे गणित कागदावरचे आहे. प्रत्यक्षात भेग आयताकृती पत्र्यासारखी निघत नाही.

५. भेग कोणत्या दिशेला उघडते

जमिनीखालचा प्रत्येक दगड तिन्ही दिशांनी आवळलेला असतो. वरून माथ्यावरच्या खडकांचे ओझे असते आणि बाजूंनी भूपट्टांचा रेटा. भेग उघडते ती सर्वांत कमी रेटा असलेल्या दिशेला, कारण तिथे दगड बाजूला सारणे सोपे असते. जमिनीच्या पृष्ठभागाजवळ माथ्यावरचे ओझे कमी असल्यामुळे भेगा आडव्या पडणे स्वाभाविक असते, आणि मौला अलीच्या टेकडीवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे पत्थर याच गोष्टीची साक्ष देतात. दोन-तीन किलोमीटर खाली हे ओझे इतके वाढते की दगड उचलून आडवी भेग पाडण्यापेक्षा बाजूला सारून उभी भेग पाडणे सोपे जाते. तेलविहिरीचे आडवे अंग म्हणूनच कमीत कमी रेट्याच्या दिशेने नेतात, म्हणजे उभ्या भेगा विहिरीला काटकोनात पडतात आणि पावाच्या कापांसारख्या रांगेने उभ्या राहतात.

भारतात हा रेटा कोणत्या दिशेने आहे, याचा नकाशाही हैदराबादेतच तयार झाला. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील टी. एन. गौड, एस. व्ही. श्रीराम राव आणि व्ही. के. गौर यांनी १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. देशाच्या मोठ्या मध्यवर्ती भागात सर्वांत मोठा आडवा रेटा साधारणपणे उत्तर ते ईशान्य अशा दिशेने असून त्यामागे हिमालयाशी चाललेली टक्कर आहे, असे त्यातून दिसते. अशा मोजणीची एक पद्धत जलभंजनाचीच आहे: बोअरचा छोटा तुकडा बंद करून पाण्याने दगड तडकवायचा आणि किती दाबाला, कोणत्या दिशेने तडा गेला ते पाहायचे.

महाराष्ट्रात तर जलभंजन खेड्यापर्यंत पोचले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हातपंपाच्या विंधन विहिरींत दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा मोकळ्या करते. तेलाच्या मानाने हा प्रकार खेळण्यातला असला, तरी तत्त्व तेच आहे.

६. थरांचा हट्ट

शेल एकसारखे कधीच नसते. मातीचा एक पापुद्रा, मग चुनखडीचा, मग वाळूमिश्रित गाळाचा, मध्येच ज्वालामुखीच्या राखेची पातळ रेघ, अशी त्याची रचना सेंटिमीटरागणिक बदलत जाते, आणि प्रत्येक थर भेगेला वेगळे उत्तर देतो.

चिक्की आणि पेढा यांवर अंगठा दाबून पाहिला की हा फरक समजतो. चिक्की टचकन तुटते. पेढा दबतो आणि खळगा पडतो, पण तडकत नाही. ज्या थरात गारगोटीचा किंवा चुन्याचा अंश जास्त, तो चिक्कीसारखा ठिसूळ असतो. मातीचा अंश जास्त असेल तो पेढ्यासारखा मऊ. मऊ थरात भेग पडली तरी वाळूचे दाणे माती दाबून आत रुततात आणि भेग हळूहळू मिटते. अडचण अशी की तेल ज्यापासून बनते ते सेंद्रिय द्रव्य पुष्कळदा मातकट थरांतच अधिक असते. तेलाचा थर आणि तडकणारा थर एकच असेल असे नाही.

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा आणि मोंटाना राज्यांतील बाकेन खडकाचा इतिहास हेच सांगतो. बाकेनचे तीन थर आहेत: वर काळे शेल, खाली काळे शेल आणि मध्ये वाळू व डोलोमाइटयुक्त गाळाचा फिकट थर. तेल मुख्यतः काळ्या शेलमध्ये जन्मले. १९५३ मध्ये अँटिलोप येथे जमिनीला घडी पडून नैसर्गिक भेगा तयार झालेल्या जागी उभ्या विहिरींना तेल लागले, तेव्हा भेग शोधली की काम झाले असा समज दृढ झाला. १९८७ मध्ये वरच्या काळ्या शेलमध्येच आडवी विहीर नेऊन पाहण्यात आली, जेणेकरून जास्तीत जास्त नैसर्गिक भेगा छेदल्या जाव्यात; पण काही विहिरी वाहिल्या आणि शेजारच्या कोरड्या राहिल्या, अगदी हैदराबादच्या बोअरसारख्या. सन २०००च्या सुमारास मोंटानातील एल्म कुली येथे आडवी विहीर मधल्या फिकट थरात नेली गेली आणि जलभंजन केले गेले, तेव्हा चित्र पालटले. मधला थर ठिसूळ होता, थोडा अधिक पारगम्य होता, आणि वरच्या-खालच्या शेलमधले तेल त्यात उतरत होते. पुरणपोळीची उलटी कल्पना केली तर हे लक्षात येते: गोडवा आवरणात आहे, पण हात पुरणात घालायचा. या थराच्या जोरावर २०१४ मध्ये नॉर्थ डकोटाचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या पुढे गेले.

थरांचा दुसरा हट्ट त्यांच्या सांध्यांत असतो, आणि इथे शहाबादी फरशी पुन्हा आठवावी. उभी भेग वर चढत असताना दोन थरांमधल्या कच्च्या सांध्यापाशी आली की तिच्यापुढे दोन वाटा असतात: थर फोडून पुढे जाणे किंवा सांध्यात शिरून आडवे पसरणे. सांधा कच्चा असेल तर ती आडवी वळते, ‘टी’ अक्षरासारखी. पाणी तरीही काही वेळा पुढे निसटते, पण वाळूचे दाणे त्या अरुंद वळणावर अडकतात. दाब उतरल्यावर वळणापलीकडचा भाग मिटतो आणि तिथले तेल जागच्या जागी राहते. अर्जेंटिनातील वाका मुएर्ता शेलमध्ये थरांना समांतर अशा कॅल्साइटच्या असंख्य शिरा आणि राखेचे पट्टे आहेत, आणि भेगेची उंची किती होणार याचा अंदाज बांधताना तिथल्या अभियंत्यांना ते मोजावे लागतात.

अशा आडव्या शिरा मुळात का पडतात? महेश्वरमचा फुगणारा अभ्रक इथे विसरता येत नाही. शेलमध्ये घन सेंद्रिय द्रव्याचे तेल होताना त्याचे आकारमान वाढते, बाहेर पडायला वाट नसल्यामुळे दाब चढतो, आणि तो दाब खडकाला त्याच्या सर्वांत कच्च्या दिशेने, म्हणजे थरांना समांतर, तडकवतो. एका ठिकाणी पाण्याने फुगलेला अभ्रक आणि दुसऱ्या ठिकाणी तेल होऊन फुगलेले अवशेष. दोन्ही ठिकाणी भेग आडवीच.

थरांची प्रत्येक अडवणूक वाईटच असते असे मात्र नाही. शेलच्या खाली खाऱ्या पाण्याचा खडक असेल, तर मध्ये असलेला भक्कम चुनखडीचा थर भेगेला खाली उतरू देत नाही आणि विहीर पाण्याने भरण्यापासून वाचते. टेक्सासमधल्या बार्नेट शेलच्या बाबतीत असा खालचा खडक ही खरी डोकेदुखी होती.

७. नैसर्गिक भेगा: मित्र की शत्रू

बार्नेटमध्येच आणखी एक गोष्ट उमगली. तिथल्या नैसर्गिक भेगा बहुतेक कॅल्साइटने भरून बुजलेल्या आहेत, म्हणजे त्यांतून तेल वाहत नाही. तरीही त्या निरुपयोगी नाहीत. टपाल तिकिटांच्या पानावर तिकिटांमधल्या छिद्रांच्या रेघेवर कागद अलगद फाटतो, तशी कृत्रिम भेग या बुजलेल्या शिरांवर पोचली की त्या पुन्हा उघडतात आणि एका सरळ चिरेऐवजी फांद्या फुटलेले जाळे तयार होते. कॅल्साइट आणि शेल यांची पकड कच्ची असल्यामुळे हे घडते.

भेगा मुबलक असल्या म्हणजे यश ठरलेलेच, असे मानण्याची चूक कॅलिफोर्नियातील मोंटेरी शेलने महागात पाडली. तो खडक घड्यांनी मुरडलेला आणि नैसर्गिक भेगांनी भरलेला आहे. तिथे काढता येण्याजोगे तेल १,३७० कोटी पिंपे आहे, असा अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाचा अंदाज होता. २०१४ मध्ये तो ६० कोटी पिंपांवर, म्हणजे सुमारे ९६ टक्क्यांनी खाली आणावा लागला. खडक इतका मुरडलेला होता की एका थरात मैलोगणती आडवी विहीर धरून ठेवणेच अवघड होते. भारताबद्दलच्या आकड्यांकडेही याच सावधपणे पाहावे लागते. त्याच प्रशासनाने २०१३ मध्ये खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या खोऱ्यांत मिळून ३८० कोटी पिंपे शेलतेल काढता येण्याजोगे असल्याचे म्हटले होते. ओएनजीसीने त्याआधीच, जानेवारी २०११ मध्ये, दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेलमधून वायू मिळवला होता, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी शेलचे धोरणही आले. व्यापारी उत्पादन मात्र अद्याप उभे राहिलेले नाही. खडकात तेल आहे हे ठरवणे तुलनेने सोपे असते. त्याचे थर आणि भेगा अनुकूल आहेत हे विहीर पाडूनच कळते, आणि अशी विहीर महाग असते.

जिथे सगळे जुळून येते तिथेही हिशेब तोकडाच राहतो. पहिल्याच वर्षात विहिरीचे उत्पादन निम्म्याहून खाली येते, कारण भेगांलगतचे तेल लवकर संपते आणि वर्गाचा नियम लागू होतो. आयुष्यभरात खडकातल्या तेलापैकी साधारण ५ ते १० टक्केच हाती लागते. मग कंपन्या उरलेल्या तेलासाठी पहिल्या विहिरीच्या शेजारी दुसरी पाडतात. पहिल्या विहिरीने आपल्या भोवतालचा दाब आधीच उतरवलेला असतो, त्यामुळे दुसरीच्या भेगा नव्या खडकात जाण्याऐवजी त्या उतरलेल्या दाबाकडे धावतात, आणि कधी दुसरीत घातलेले पाणी पहिलीच्या तोंडातून वर येते. तेलक्षेत्रातले लोक अशा जोडीला आई आणि लेक म्हणतात, आणि लेकीचे उत्पादन बहुतेकदा आईपेक्षा कमी भरते. दोन विहिरींत किती अंतर ठेवावे, यावर टेक्सासमध्ये आजही वाद होतात; उप्पलपासून महेश्वरमपर्यंत एकमेकांच्या कुंपणाला लागून बोअर मारणाऱ्यांना त्या वादातला एकही शब्द अनोळखी वाटणार नाही.